पाण्याचं विरजण

माझ्या घरी आला त्या पहिल्या दिवशी मी त्याला पेलाभर पाणी दिलं. त्यानं पेला खिडकीकडं धरला, फिरवून बघितला, वास घेतला आणि खाली ठेवला. "राग मानू नका अक्का, मी कुणाच्याच घरचं पीत न्हाई," म्हणाला, आणि पिशवीतनं स्वतःची बाटली काढून घटाघटा प्यायला. ह्या माणसावर लक्ष ठेवायला पाहिजे, हे मी तिथंच ठरवलं.

समोर त्याला अण्णा म्हणायची, पाठीमागं तो. इथंही तोच लिहिते, कारण मी त्याला जास्त पाठीमागूनच ओळखलं.

तो सरकारी मोजणीदार होता, ठाणाकुशनूरकडचा. बदली होऊन आळंदला आला होता. तूर बाजाराच्या मागं माझं घर आहे, त्यातली रस्त्याकडची खोली मी भाड्यानं देते. बायको गावी शेतीकडं होती, महिन्यातनं दोनदा तो जायचा. पन्नाशीचा, उंच, आणि मान कायम एका अंगाला कललेली, जशी काय समोरची प्रत्येक गोष्ट बांधाच्या रेषेत आहे का ते बघायलाय.

बाहेरचं पाणी न पिण्याचं कारण त्यानं नंतर सांगितलं. दोन भावांच्या बांधाची मोजणी असली की दोघंही चहा घेऊन उभे राहतात. एकाचा प्यायला की दुसरा म्हणतो, मोजणीदार विकला गेला. म्हणून त्यानं नोकरीच्या पहिल्या वर्षी सगळ्यांचाच चहा सोडला, मग पाणी सोडलं, आणि मग ती सवय लग्नाच्या पंगतीतसुद्धा सुटेना. पंगतीत सगळ्यांच्या पुढं पत्रावळी आणि ह्याच्या पुढं पत्रावळीशेजारी त्याची बाटली.

त्याच्या तोंडी एक शब्द होता, पुरावा. मी म्हणाले, उद्या माझी लेक यायलीय, तर म्हणाला, "पुरावा?" मी म्हणाले, फोन आलता. "फोन म्हणजे सांगणं झालं अक्का. आल्यावर पुरावा." लेक त्या दिवशी खरंच आली नाही, आणि त्याला त्याचा जरासा आनंद झाला असा माझा संशय आहे.

मीही कुणावर सहज विश्वास ठेवणारी नाही. भाड्याच्या खोलीची दुसरी चावी माझ्या कमरेला असते आणि ते मी कोणत्याच भाडेकरूला सांगत नाही. चोरी करत नाही, बघते फक्त. एकानं आधी माझ्या खोलीत गॅसच्या टाक्या भरून ठेवल्या होत्या, तेव्हापासून बघते. हा सोमवारी शिवारात गेला की मी दार उघडून एक फेरी मारायची. प्रत्येक वेळी उंबऱ्यावर जोंधळ्याचा एक दाणा पडलेला असायचा. शेतातनं फिरणारा माणूस, खिशातनं दाणे सांडत असतील, असं समजून मी तो उचलून चिमण्यांना टाकायची आणि मनात म्हणायची, बापय माणूस, वळण नाही.

श्रावणात त्यानं टेम्पोतनं काचेची टाकी आणली. बाजारातले दोन हमाल लागले उचलायला. कोपऱ्यातल्या शहाबादी फरशीवर ती बसवली, पाणसळ लावून चारी बाजू बघितल्या, एका बाजूला कागदाची घडी सारली, पुन्हा पाणसळ लावली. देवाची मूर्तीसुद्धा कुणी इतकी निगुतीनं बसवत नाही. मग पाणी भरलं. नगरपालिकेचं पाणी आधी बादल्यांत एक दिवस उघडं ठेवलं, त्यातलं ब्लिचिंग उडून जावं म्हणून. टाकीत एका बाजूला डबीएवढं यंत्र होतं, त्यात स्पंज, आणि पाणी त्यातनं बुडबुडत फिरायचं.

मासे कधी आणणार, मी विचारलं.

"पाणी तयार झाल्यावर."

"पाणी तयारच असतंय की. काचेसारखं दिसायलंय."

"दिसणं म्हणजे पुरावा न्हाई अक्का."

आठवडा गेला, दोन गेले, मासा नाही. आणि रोज सकाळी हा आंघोळ करून टाकीपुढं उभा राहायचा, एका डबीतनं चिमूटभर काहीतरी काढायचा आणि रिकाम्या पाण्यात टाकायचा. मी त्याच्या माघारी डबी उघडून वास घेतला. माशाची भुकटी. आम्ही लिंगायत, माझ्या घरात अंडंसुद्धा कधी आलं नाही. तरी मी बोलले नाही, कारण डबी उघडली हे मग सांगावं लागलं असतं.

चारून झालं की तो काचेच्या तीन नळ्या काढायचा. त्यात टाकीतलं पाणी घ्यायचा, बाटल्यांतनं थेंब मोजून टाकायचा, हलवायचा आणि खिडकीशी धरून उभा राहायचा. एकीत पाणी हिरवं व्हायचं, एकीत जांभळं, एकीत पिवळं. मग वहीत लिहायचं. ही खिडकी रस्त्यावर आहे. समोर कस्तुरा राहते, तिचं अर्धं आयुष्य तिच्या दारात जातं. तिनं हे सगळं बघितलं, आणि त्याच आठवड्यात तिच्या म्हशीनं दूध चोरलं.

आमच्याकडं भानामती हा शब्द दोनदा उच्चारावा लागत नाही. कस्तुरा दुपारी माझ्या ओट्यावर येऊन बसली आणि तूर पाखडता पाखडता म्हणाली, "अक्का, मासा न्हाई, काय न्हाई. मग त्यो रोज कुणाला जेवू घालायलाय?"

भानामतीवर माझा विश्वास नाही, पण त्याच्यावरही नव्हता. म्हणून मी सरळ जाऊन विचारलं.

तो म्हणाला, मासा पाण्यात राहतो आणि पाण्यातच घाण करतो. त्या घाणीचं विष होतं, ते दिसत नाही. ते विष खाणारे बारीक जीव असतात, तेही दिसत नाहीत. ते आधी वाढवायचे, मग मासा आणायचा. म्हणून खाऊ टाकून पाण्यात मुद्दाम घाण करायची आणि त्यांची वाट बघायची. पहिली नळी हिरवी म्हणजे विष आहे. ती पिवळी झाली की दुसरी जांभळी होते, म्हणजे दुसरं विष. तीही आभाळासारखी निळी झाली की पाणी पास. तिसरी शेवटी उरणाऱ्या मळाची, ती लाल झाली की पाणी बदलायचं.

"म्हणजे जे दिसत न्हाईत त्यास्नी तुमी जेवायला घालायलाव."

"व्हय," तो म्हणाला.

इतकं सरळ म्हणाला की मीच इकडंतिकडं बघितलं. हे कस्तुराला सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी सगळी गल्ली दारात आली असती.

त्याचे आधीचे मासे मेले होते. हुमनाबादला असताना त्यानं टाकी आणली त्याच संध्याकाळी सहा मासे सोडले. चौथ्या दिवशी सहाही उलटे. पाणी स्वच्छ होतं, म्हणून त्यानं ठरवून टाकलं की घरमालकानं त्यात काहीतरी ओतलं. भांडला आणि खोली सोडली. वर्षानं कलबुर्गीच्या मासेवाल्यानं त्याला समजावलं की नव्या पाण्यात असंच होतं, कुणी काही ओतावं लागत नाही.

"मग त्या मालकाची माफी मागितलाव का?" मी विचारलं.

"न्हाई. त्यानं कायच ओतलं नव्हतं ह्याला पुरावा काय?"

असा माणूस. मी मात्र त्या दिवसापासून माझा ब्लिचिंग पावडरचा डबा त्याच्या खिडकीपासून लांब ठेवायला लागले. जो असा संशय घेतो, त्याच्या संशयात आपण कधी सापडू सांगता येत नाही.

एकदा त्यानं न विचारता माझ्या बोअरचं पाणी तिसऱ्या नळीत घातलं आणि ती लाल झाली. नळी हातात घेऊन माझ्या दारात आला आणि म्हणाला, हे पाणी पिऊ नका, शेजारचा शोषखड्डा ह्यात उतरलाय. मी म्हणाले, चाळीस वर्षं पितोय, काय झालं? मी त्याला चांगलंच सुनावलं, की तुमचं काम जमीन मोजायचं, माझी कळशी मोजायचं नाही. दुसऱ्या दिवसापासून प्यायचं पाणी मी सरकारी नळावरनं आणायला लागले. बोअरला गाळ आलाय, असं कस्तुराला सांगितलं.

कस्तुराचं बोलणं वाढत गेलं. तिची जाऊ बोलायला लागली, मग कोपऱ्यावरचा गिरणीवाला. दळण ठेवताना बायका माझ्याकडं बघून गप्प व्हायच्या. शेवटी भाद्रपदात मी त्याला म्हणाले, "अण्णा, घट बसायच्या आत त्या पाण्यात मासे दिसले पायजेत. न्हाईतर खोली रिकामी करा."

तो भांडला नाही. वही काढून पानं चाळली. "होईल," म्हणाला. "पण मधीच काढू नका अक्का. हे पाणी उचलून नेता येत न्हाई. आणि ह्या वेळी मेले तर मी पुन्हा करणार न्हाई."

"एवढं काय अडलंय माशांवाचून?"

"मी शिवारात गेलो की माणसं बोलायची थांबतेत. कुत्रीसुद्धा मागं सरतेत. मासा माणूस बघून काचेपाशी येतो म्हणतेत."

म्हणतेत. पुरावा नव्हता, पण ह्या गोष्टीवर त्यानं विश्वास ठेवला होता.

पितृपक्षात एका सकाळी त्यानं मला बोलावून नळ्या दाखवल्या. पहिली पिवळी, दुसरी निळी. तो हसला नाही, पण त्याची मान सरळ होती. बापाचं पित्र होतं, त्याला गावी जायचं होतं. येताना कलबुर्गीहून मासे घेऊन येतो, म्हणाला. त्याला दोन दिवस लागणार होते.

त्या दोन दिवसांत मी दसरा काढला. घट बसायच्या आधी घरातलं एकूण एक धुऊन काढायचं असतं. गोधड्या, चादरी, डबे, पाट, देवाची भांडी, दारामागचं फडकंसुद्धा. भाड्याची खोली असली तरी उंबरा माझा, म्हणून दर वर्षी मी ती खोलीही काढते. दार उघडलं, उंबऱ्यावर दाणा होताच. त्याच्या सामानाला हात न लावता, त्याला कळणार नाही इतपतच जाळ्या काढल्या, फरशी पुसली. मग त्या यंत्राकडं लक्ष गेलं. बटण बंद करून मी ते उघडलं. आतला स्पंज काळपट तपकिरी झालेला, हाताला बुळबुळीत. माझ्या घरात फरशी पुसायचं फडकं ह्यापेक्षा स्वच्छ असतं. तो मी ब्लिचिंग पावडरच्या पाण्यात चोळ चोळ चोळला, हळदीसारखा पिवळा होईपर्यंत, चांगला खळबळून भिंतीवर उन्हात वाळवला आणि होता तसा बसवून दिला. टाकीच्या पाण्याला हात लावला नाही, कारण पाणी पास झालं होतं.

खरं लिहायचं तर सफाई हे निमित्त होतं. त्या बुळबुळीत स्पंजात काय दडवलंय ते मला बघायचं होतं. पिळलं तेव्हा नुसता गाळ निघाला.

तो बसनं आला, मांडीवर पाण्याची प्लास्टिक पिशवी धरून. सहा मासे, तीन काळे आणि तीन शेपटीला रंग असलेले. आधी नळ्या भरल्या. पिवळी, निळी. पास. मग पिशवी टाकीत तरंगत ठेवली आणि सावकाश मासे सोडले. मी कस्तुराला मुद्दाम बोलावून आणलं. तिनं वाकून बघितलं आणि म्हणाली, "मासेच हाईत की." जरा नाराजच झाली. दुसऱ्या दिवशी घट बसले. तो टाकीपाशी गेला की मासे खरंच काचेकडं यायचे. मी खिडकीतनं बघितलं. तो डावीकडं सरकायचा, मासे डावीकडं. तो उजवीकडं, मासे उजवीकडं. पन्नास वर्षांचा बापय, टाकीपुढं खेकड्यासारखा चालायचा.

तिसऱ्या माळेच्या सकाळी सगळे मासे वर येऊन तोंड उघडझाप करत होते, आणि एक काळा तरंगत होता. त्यानं नळी भरली. मुगासारखी हिरवी. तो बाजेवर बसला, पुन्हा उठला, यंत्र उघडलं. स्पंज उजेडाकडं धरला. वास घेतला. मी अंगणातनं बघत होते, ती पटकन आत घटापाशी गेले.

तो स्पंज घेऊन माझ्या दारात आला. मी घटाला माळ चढवत होते.

"अक्का, माझ्या खोलीत कोण गेलतं का?"

"न्हाई बा," मी म्हणाले. "चावी तुमच्यापाशीच हाय की."

घटापुढं उभी राहून खोटं बोलले. त्यानं माझ्याकडं बघितलं, पहिल्या दिवशी पेल्यातल्या पाण्याकडं बघितलं होतं तसं. आता पुरावा म्हणणार असं मला वाटलं. म्हणाला नाही. स्पंजाकडं बघत म्हणाला, "विरजणाचं भांडं कुणी घासून लख्ख करून ठेवलं, तर दुसऱ्या दिवशी दही लागंल का अक्का?"

"न्हाई लागणार," मी म्हणाले.

"तेच झालंय," म्हणाला आणि गेला.

मला तेव्हा समजलं. ज्यांना तो दीड महिना जेवू घालत होता ते पाण्यात नव्हतेच. ते स्पंजातल्या त्या बुळबुळीत गाळात होते. त्याच्या नळ्यांनी पाणी पास केलं होतं, आणि पाण्याचं विरजण मी मोरीत ओतलं होतं. हे पाच मासे मेले तर कस्तुरा भानामती म्हणणार, तो खोली सोडणार, आणि हुमनाबादच्या मालकासारखं माझंही नाव कुठल्यातरी गावात निघणार. फरक एवढाच की त्या मालकानं काही केलं नव्हतं.

मी घरातले सगळे हंडे, घागरी, पातेली काढली आणि नळाचं पाणी भरून अंगणात उघडी ठेवली. रोज अर्धी टाकी बदलायची तर एक दिवस उघडं ठेवलेलं पाणी लागतं, आणि त्याच्याकडं दोनच बादल्या होत्या. त्याला सांगितलं, भांडी रिकामीच होती. त्यानं का म्हणून विचारलं नाही. तो सकाळी मोजणीला जायच्या आधी पाणी उपसायचा, मी घागर उचलून द्यायची, तो ओतायचा. माझे गुडघे तेव्हाही चांगले नव्हते. कस्तुरा म्हणाली, भाडेकरूसाठी नवरात्रात पाणी वाहायलीस, कामून गं? मी म्हणाले, तुझी म्हैस दूध द्यायली न्हवं? मग गप बस. म्हैस खरंच दूध द्यायला लागली होती, कारण तिच्या नवऱ्यानं पेंड बदलली होती. पण ते कुणी बोलत नव्हतं.

रविवारी तो कलबुर्गीला गेला आणि मासेवाल्याच्या जुन्या टाकीतला मळका स्पंज जेवणाच्या डब्यात घालून घेऊन आला. मी डब्याकडं बघितलं. "विरजण," तो म्हणाला. एवढंच.

मधे आणखी एक मासा गेला. दिवाळीच्या आधी पहिली नळी पिवळी झाली, मग दुसरी निळी. चार राहिले. त्यानं पानं चाळून वही मिटली आणि ती गोष्ट आमच्यात पुन्हा कधी निघाली नाही. पुढं तो तीन वर्षं माझ्याकडं राहिला. माझ्या घरचं पाणी शेवटपर्यंत प्यायला नाही.

बदली झाली तेव्हा टाकी नेता येत नव्हती. तो म्हणाला, तुमच्याकडं राहू द्या, आणि चावी, नळ्यांचा डबा आणि वही माझ्या हातात दिली. पाणी कधी किती बदलायचं ते सगळं वहीत लिहिलंय, म्हणाला. "स्पंज टाकीतल्याच पाण्यात पिळायचा अक्का." हे तो न हसता बोलला. मीही हसले नाही.

मी चौथीपर्यंत शिकलेली, मला वाचायला वेळ लागतो. वही मी दुपारी चष्मा लावून एकेक पान वाचली. पाण्याचे रंग, थेंब, किती बादल्या. आणि मधेमधे दोन शब्द, 'दाणा नाही.' तारीख बघितली तर सोमवार. पुढच्या सोमवारी पुन्हा, 'दाणा नाही. अक्का.' पुढच्याही. तो जाताना दाराच्या फटीत जोंधळ्याचा दाणा दाबून जायचा. दार उघडलं की तो पडायचा, परत आल्यावर फटीत नसला की त्याला कळायचं, आणि तो पुरावा मी स्वतःच्या हातानं उचलून चिमण्यांना टाकत होते. मी त्याच्यावर लक्ष ठेवायची, आणि हा माणूस माझ्यावर लक्ष ठेवून होता, तेही माझ्या घरात राहून.

मग तिसऱ्या माळेचं पान आलं. एक मेला, पहिली नळी हिरवी. त्याखाली लिहिलं होतं, 'मासे आणले त्या दिवशी दाणा नव्हता. स्पंज ब्लिचिंगनं धुतलेला. अक्का. चुकून.'

तो शेवटचा शब्द मी बोट ठेवून पुन्हा वाचला. मी चुकून झालं असं म्हणाले नव्हते. मी तर गेलेच नाही असं म्हणाले होते. आणि ते चुकून नव्हतं, निदान सगळं नव्हतं. हुमनाबादच्या मालकाला जे त्यानं दिलं नाही ते मला दिलं, पुन्हा एक शब्दही न विचारता, कशानंही न मोजता.

आता टाकीत अकरा मासे आहेत. मी जवळ गेले की काचेकडं येतात. खाऊसाठी येतात, माझ्यासाठी नाही. नळ्या मी दर सोमवारी बघते. दोनदा पेन्सिल घेऊन त्या पानावरचा तो शब्द खोडायला बसले. खोडला नाही. त्याच्या सगळ्या वहीत ही एकच मोजणी चुकलेली आहे, आणि ती मी दुरुस्त करणार नाही.